गल्लीभरचे कावळे माझ्या खाटेशी

ज्यांना डॉक्टरने नुकतेच "आडवे पडा" असे बजावले आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. धडधाकट माणसांनी वाचायला हरकत नाही, फक्त वाचून झाल्यावर एखाद्या आजाऱ्याच्या घरी सल्ला द्यायला जाऊ नये. मला चार महिन्यांत औषधे तीन मिळाली आणि सल्ले किती मिळाले ते आठवत नाही. शेळीचे दूध प्या, गाढविणीचे दूध प्या, दूध अजिबात पिऊ नका. एक गृहस्थ तर मोताळ्याहून केवळ एवढे सांगायला आले, की त्यांच्या साडूला हेच झाले होते आणि तो दगावला.

मी तेवीस वर्षांचा आहे. पत्रके लिहितो. ती मलकापूरला छापून आणायची आणि आमच्या धाडच्या बाजारात वाटायची, हा माझा तीन वर्षांचा उद्योग. दारूविरुद्ध लिहिले, हुंड्याविरुद्ध लिहिले, विहिरीवरच्या शिवाशिवीविरुद्ध लिहिले. वडील पटवारी, म्हणजे सरकारचे माणूस. प्रत्येक पत्रकाबरोबर त्यांचे थोडे केस पिकले. चैत्रापासून मला संध्याकाळचा ताप येत होता आणि उजव्या कुशीत सुई टोचल्यासारखे व्हायचे. मी लक्ष दिले नाही. देशाला काय झाले आहे ते मला पाठ होते, मला काय झाले आहे ते विचारायला सवड नव्हती. एका बाजाराच्या दिवशी बैलगाडीवर चढून बोलायला उभा राहिलो. पहिल्या वाक्याला श्वास पुरला, दुसऱ्याला पुरला नाही.

माठ वाजवावा तसे

जिल्ह्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी माझी पाठ बोटांनी वाजवली. बाजारात बायका माठ घेताना वाजवून बघतात, तशी. डावीकडे आवाज घुमला, उजवीकडे बद्द आला.

"उजव्या बाजूला पाणी साठलं आहे," ते म्हणाले.

"मग काढा," मी म्हणालो.

"काढू. पण या वयात हे पाणी बहुधा क्षयाच्या घरून येतं. आपण अजून दारात आहोत, आत शिरायचं नाही. चार महिने उताणं पडायचं, मोकळ्या हवेत. बसायचं नाही, बोलायचं नाही, लिहायचं नाही."

"आणि नाही ऐकलं तर?"

उत्तर देताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. वडिलांकडे पाहिले. उत्तर काय दिले ते आता आठवत नाही, पण ती मान वळलेली आठवते. तोपर्यंत मी भ्यालो नव्हतो.

दवाखान्यात तीन आठवडे होतो. पहाटे तोंडात ताप मोजायची काच, मग दूध, मग झाडू, मग डॉक्टर, मग पुन्हा काच. सुईने पाणी काढले ते चहाच्या रंगाचे होते आणि बाटलीभर निघाले. माझ्यातून एवढे पाणी निघेल आणि मला कळलेही नसेल, याचाच मला जास्त संताप आला. छताच्या वाशात चिमण्यांची घरटी होती. त्या काड्या आणायच्या आणि निम्म्या माझ्या दुधात टाकायच्या. मी चिडायचो. शेजारच्या खाटेवरचे म्हातारे शेतकरी बाबा म्हणाले, "टाकू दे ना लेका. आपल्याले भेटाले दुसरं कोन येऊन राह्यलं इथं?" एवढ्या एका वाक्याने त्या आठवड्यात मला झोप आली. असली छोटी देणगी दवाखान्यात अचानक मिळते. मिळेल तेव्हा घ्यावी.

पेला आणि चमचा

घरी आणून मला ओसरीवर टाकले. ओसरी गल्लीकडे उघडी, समोर अंगण, अंगणात एक जास्वंद आणि गल्लीच्या कडेला कमरेएवढी भिंत. पावसाला वर पत्रे होते. नातेवाइकांचे म्हणणे, पोराला वाऱ्यावर मरायला ठेवले. डॉक्टरांचे म्हणणे, वाराच औषध. आईने पहिल्यांदाच आयुष्यात नातेवाइकांविरुद्ध डॉक्टरांची बाजू घेतली.

बोलायला बंदी, म्हणून आईने उशाशी काचेचा पेला आणि चमचा ठेवला. काही लागले तर वाजवायचे. पहिले पंधरा दिवस मी काय केले ते खरे सांगतो, कारण तुम्हीही तेच करणार आहात. आईची पाठ वळली की उठून बसायचो. कोळशाने भिंतीवर मुद्दे लिहून ठेवायचो. गल्लीतून कोणी गेले की हाक मारायचो. संध्याकाळी ताप चढायचा आणि मी तापावर चिडायचो. आई फडक्याने भिंत पुसायची आणि म्हणायची, "तुले मरायचं असलं तर तसं सांग. मी कायले रोज दूध आटवू?"

मला पडून राहणे जमतच नव्हते. मला वाटे, पडून राहणे हे हरलेल्यांचे काम आहे.

याकूबचाचा

गादीतल्या कापसाचे गोळे झाले म्हणून आईने याकूबचाचांना बोलावले. ते आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारे पिंजारी. अंगणात बसून त्यांनी तारेवर कापूस पिंजायला घेतला, तुंई तुंई आवाज सुरू झाला, आणि थोड्या वेळाने त्यांनी मला दटावले.

"हलू राह्यला काऊन बे सारखा? ते पाह्य तिकडं, जास्वंदीवर."

पाहिले तर अंगठ्याएवढे हिरवट पाखरू, शेपूट उभी करून टिवटिव करत होते. मी मान उचलली आणि ते गेले.

"गेली ना! अरे, पाखरू मानसाले भेत नाई, हलन्याले भेते. ती शिंपीण हाय. पानं शिवून घर करते. तिले दोरा पाहिजे अन् माह्याजवळ रुई हाय. पन तू खाटेवर मासोळीवानी तडफडशील तर ती कायले येईल?"

त्यांनी एक काटकी टोकाला चिरली, चिरेत पिंजलेल्या कापसाचा पुंजका अडकवला आणि काटकी माझ्या खाटेच्या पायाला बांधली. "आता मुर्दा होऊन पड. दोन घंटे," म्हणाले आणि पुन्हा तुंई तुंई करू लागले.

डॉक्टरांनी जीव जाईल म्हणून सांगितले तरी मी दहा मिनिटे स्थिर राहिलो नव्हतो. त्या दिवशी दोन तास राहिलो. दुपार कलली तेव्हा शिंपीण आली. काटकीवर बसली, माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर, आणि कापसाचा एक तंतू ओढू लागली. तंतू निघेना. ती पाय रोवून ओढत होती. मला खोकला आला होता, तो मी गिळला. तंतू सुटला, ती गेली, मी श्वास सोडला, आणि मला जे वाटले ते पत्रकात लिहिण्यासारखे नव्हते. निव्वळ आनंद होता. कोणाच्याही विरुद्ध नव्हता.

त्या संध्याकाळी ताप कमी होता.

पुढे मी त्यातला पक्का झालो. तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पाण्याला फुटक्या माठाचे उथळ खापर घ्यावे आणि मध्ये एक खडा ठेवावा, म्हणजे पाखराला उभे राहायला जागा होते. ज्वारीची चुरी आज जिथे ठेवली तिथून उद्या चार बोटे खाटेकडे सरकवावी, पाच नव्हे. बुलबुलाला पपईची फोड हवी, साळुंकीला भाकरीचा कुस्करा. होला भित्रा, त्याला आठ दिवस द्यावेत. ज्वारीचे एक कणीस वळचणीला टांगावे, चिमण्या उलट्या लोंबकळून खातात आणि बघताना कूस दुखते हे विसरायला होते. आणि हलू नये. श्रावणात मी दिवसातले सहा-सात तास दगडासारखा पडून राहत होतो. भेटायला आलेल्यांना आई दारातूनच सांगायची, "आत्ता नका येऊ, त्याचा बुलबुल येऊन राह्यला."

कावळे मात्र मला नकोच होते. ते आपले आपण आले. जेवण झाले की ताट न्यायला आईला बोलावण्यासाठी मी पेला वाजवायचो, दोन ठोके. आई चुलीपासून येईपर्यंत कावळे यायचे. आठ दिवसांत त्यांनी ठोक्यांचा अर्थ लावला. शिंपिणीने जास्वंदीची दोन पाने शिवून त्यात घर केले होते, आत पिल्ले होती, आणि कावळ्यांची नजर तिकडे गेलेली मी पाहिली. म्हणून मी लाच द्यायला लागलो. रोज दुपारी दोन ठोके, आणि भिंतीवर भाकरीचे तुकडे. पोट भरले की ते जास्वंदीकडे बघत नसत. मला न जाणारी अर्धी भाकरी त्यात खपायची, हेही होतेच. भाद्रपदापर्यंत गल्लीतले सगळे कावळे दुपारी आमच्या भिंतीवर येऊ लागले.

आता भाद्रपदात पुढे काय येते ते तुम्हाला माहीत आहे. मला माहीत असूनही सुचले नाही.

"माह्या बापाले जेवू द्या"

पितृपंधरवड्यात ज्याच्या त्याच्या वडिलांच्या तिथीला कावळ्यासाठी पान वाढतात. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही. आमच्या शेजारचे किराणा दुकानदार गणपतकाका यांच्या वडिलांची तिथी होती. मी जेवून पेला वाजवला, कावळे जमले, आणि तेवढ्यात गणपतकाका पंचा नेसून, उघड्या अंगाने आमच्या अंगणात आले.

"पटवारीबुवा! तुमच्या पोराले सांगा, माह्या बापाले जेवू द्या!"

वडील बाहेर आले. "काय झालं?"

"दोन घंटे झाले पान ठेवून. घसा बसला काव काव करून. बारा पाहुने उपाशी बसले. एक कावळा आला नाई. अन् इथं पाहा, पंगत बसली!"

भिंतीवर नऊ कावळे भाकरी खात होते. एकानेही पंक्तीतून मान वर केली नाही.

"हा मुद्दाम करू राह्यला," गणपतकाका माझ्याकडे बोट करून म्हणाले. "मागच्या साली पत्रक काढलं, 'मेलेल्यांना पंगत, जित्यांना उपास.' माह्याच दुकानाच्या फळीवर चिकटवलं. तेव्हा कोनी ऐकलं नाई, तर आता कावळे फितवले!"

पत्रक माझेच होते. चिकटवलेही मीच होते. पण कावळ्यांचा आरोप साफ खोटा होता, आणि खोट्या आरोपावर गप्प बसणे मला कधी जमलेले नाही. मी उठून बसलो आणि ओरडलो, "मेलेल्याले भूक नसते, गणपतकाका! भूक लागली ते तुमच्या पाहुन्याईले!"

गल्ली हसली. मी खोकलो. कुशीत अशी कळ गेली की खाटेची कड धरून राहिलो. कावळे उडाले, तेसुद्धा गणपतकाकांच्या घराच्या उलट दिशेला. शेवटी त्यांनी दर्भाचा कावळा करून पानाला लावला आणि पाहुणे जेवले. मला संध्याकाळी एकशे दोन ताप होता.

दुसऱ्या दिवशी गणपतकाकांनी वडिलांना निरोप पाठवला. पंधरवडाभर गल्लीत अजून सहा घरांच्या तिथ्या आहेत, पोराला आत घ्या, नाहीतर आम्ही गोफण लावून कावळे हाकलू. मी पेला वाजवून, हातवारे करून सांगितले: पिल्ले आहेत, भाकरी बंद करता येणार नाही. वडील खाटेच्या कडेला बसले.

"माधवा, आपल्याले या गल्लीत राह्यचं हाय. आठ-दहा दिवस आत झोप."

आई चुलीपासून म्हणाली, "आत धूर हाय. डागदरानं काय सांगतलं होतं?"

"हाय तर हाय. धूर भांडाले येत नाई."

मागची खोली

मागच्या खोलीत धान्याच्या कणग्या होत्या आणि हाताएवढा झरोका. तिथले दिवस मी लिहिणार नव्हतो, पण ज्यांना असे आत टाकले आहे त्यांना ते वगळलेले कळेल. तिथे मला बघण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी पुन्हा हलू लागलो. कूस बदल, ऊठ, बस. ताप रोज. दवाखान्यातली ती वळलेली मान मला भर दुपारी दिसायची. वाटायचे, दारात होतो, आता आत शिरलो. माझ्या सगळ्या पत्रकांत मी मरणाला एकदाही घाबरलो नव्हतो. तिथे आईचा पदर धरून ठेवायचो. ती चूल सोडून तासन्तास बसायची आणि वडिलांशी बोलत नव्हती. वडील तिच्याशी बोलायचा प्रयत्न करत नव्हते. घरातली भांडी जास्त आवाज करत होती.

चौथ्या दिवशी तिने बातमी आणली. भाकरी बंद झाल्यावर कावळ्यांनी जास्वंदीतले घर फाडले. शिवलेले पान लोंबत होते. आत काही नव्हते.

मी कोणावर चिडलो म्हणू? गणपतकाकांवर, वडिलांवर, कावळ्यांवर, आणि सर्वांत जास्त उठून बसून ओरडलेल्या स्वतःवर.

गिरजाकाकी

सर्वपित्री अमावस्येला सकाळी दारात गिरजाकाकी उभ्या राहिल्या. गणपतकाकांच्या आई, पण साऱ्या गल्लीच्या काकी; ज्यांच्या नवऱ्याची तिथी फसली होती त्या. वय सत्तरीच्या पुढे. हातात पान होते. भात, वडा, कढी.

"माधवा, जागा हाय काय रे?"

मी मान हलवली.

"गवताच्या कावळ्यानं जेवला म्हनून माहा बुढा धापला असंल काय, पोट भरलं असंल काय त्याचं? मले झोप नाई आली तवापासून. आज शेवटचा दिवस हाय. तुह्या कावळ्याले बोलाव ना."

मी खालच्या आवाजात म्हणालो, "काकी, माहा इश्वास नाई त्याच्यावर."

"तुहा कायले पाहिजे? माहा हाय ना. तुले फक्त पेला वाजवाचा हाय."

  खरे लिहायचे तर, मला ओसरी हवी होती. मी तत्त्वासाठी मागच्या खोलीत मरायला तयार नव्हतो. मी म्हणालो, "खाट बाहेर नेली तर वाजवतो. मग पुन्हा आत आनायची नाई."

"नेऊ दे. गणप्याले मी पाहून घेईन," त्या म्हणाल्या.

वडिलांनी आणि याकूबचाचांनी खाट, तिच्यावरच्या शिळ्या भाकरीच्या ताटासकट, उचलून ओसरीवर आणली. उजेडाने डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर फाटलेले जास्वंदीचे पान दिसले. काकींनी वाढलेले पान भिंतीवर ठेवले. गणपतकाका आपल्या दारात हाताची घडी घालून उभे होते, निम्मी गल्ली आपापल्या दारात उभी होती. मी दोन ठोके दिले.

काही नाही. पुन्हा दोन. काही नाही.

"इसरले त्याले," कोणीतरी म्हणाले.

"मानसं इसरतात," याकूबचाचा म्हणाले.

तिसऱ्या वेळी एक कावळा पत्र्यावर उतरला. काकींनी पदर डोक्यावर ओढून हात जोडले. कावळा भिंतीवर आला, पानाकडे पाहिले, वडा पाहिला, कढी पाहिली, आणि पान ओलांडून थेट माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसला. माझ्या ताटातली शिळी भाकर उचलली आणि खाऊ लागला.

गणपतकाका ओरडले, "पाह्य! त्याले पितर-बितर नाई. त्याले भाकर पाहिजे!" आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या पत्रकाची भाषा बोलले.

पण काकी हसत होत्या. डोळ्यांतून पाणी येत होते आणि हसत होत्या.

"अगं माय! तेच आले. तेच! जन्मभर असंच केलं त्यानं. मी घरी वडे तळून बसावं, अन् हा शेजारच्याच्या ताटात शिळी भाकर खात बसे. कितीदा भांडली मी! मेल्यावरही आदत गेली नाई तुमची?"

कावळ्याने भाकर संपवली, मग सावकाश जाऊन वडा उचलला आणि उडाला.  काकींनी मुलाकडे वळून फर्मावले, "गणप्या, याची खाट इथंच राहीन. कोनी गोफन उचलली तर याद राख. तुहा बाप इथं जेवाले येते."

मी कपाळाला हात लावला. तीन वर्षे लिहून, छापून, ओरडून मी धाडमध्ये एकाही माणसाची समजूत हलवली नव्हती. आणि न बोलता, न उठता, एका पेल्यावर चमचा वाजवून मी एका बाईची समजूत जन्माची पक्की करून ठेवली होती. माझ्या पत्रकातला एकही शब्द मी मागे घेत नाही. पण त्या रात्री काकी रात्रभर झोपल्या, हे मला दुसऱ्या दिवशी गणपतकाकांनीच सांगितले. त्यांनी दुकानातून शेरभर ज्वारीची चुरी आणली होती. "पाखराईसाठी," म्हणाले, "तुह्यासाठी नाई."

उभा

कार्तिकात डॉक्टरांनी पुन्हा पाठ वाजवली. दोन्ही बाजू घुमल्या. "उठा," ते म्हणाले. "आधी दहा पावलं, मग वीस. लिहायचं असेल तर रोज एक पान."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओसरीवर उभा राहिलो. मुठीत चुरी होती. पावसाळाभर ज्यांना मी चार-चार बोटांनी जवळ आणले होते, ते सगळे कणसावर, खापरावर, भिंतीवर बसलेले होते. मी एक पाऊल टाकले आणि अंगण रिकामे झाले. बुलबुल गेला, होला गेला, चिमण्या गेल्या. कावळे नुसते पत्र्यावर जाऊन बसले आणि माझ्याकडे असे बघू लागले, जणू कोणी परका माणूस घरात शिरला आहे. त्यांच्या ओळखीचा होता तो आडवा होता. हा उंच प्राणी त्यांनी पाहिलेला नव्हता. मी पेला वाजवला. कोणी आले नाही.

सात दिवस हेच चालले. मी बरा झालो होतो, सगळे आनंदात होते, आणि मी सकाळभर रिकाम्या अंगणाकडे बघून धुसफुसत होतो.

आठव्या दिवशी दुपारी मी गुपचूप खाटेवर जाऊन उताणा पडलो. हात सरळ, मान सरळ. थोड्या वेळाने एक परीट आला. काळापांढरा, शेपूट वरखाली करणारा, थंडीबरोबर येतो तो. यंदाचा पहिलाच. तो अंगणातून चालत चालत ओसरीवर चढला, खाटेच्या पायाशी आला, माझ्या लोंबत्या बोटांपासून वीतभर. मी श्वास रोखला.

आई आतून सूप घेऊन बाहेर आली. मला आडवा पाहून सूप तिच्या हातातून पडले.

"माधवा! काऊन रे निजला? ताप आला काय? अहो, ऐकता काय, या ना लवकर!"

मी तसाच श्वास धरून पडून राहिलो.  तिने धावत येऊन माझ्या कपाळावर हात ठेवला, गळ्यावर ठेवला, पुन्हा कपाळावर ठेवला. परीट केव्हाच अंगणापार गेला होता.

"आई," मी म्हणालो, "उडवला ना तू त्याले!"

ती खाटेच्या कडेला मटकन बसली. तिने माझा थंड हात धरला आणि कितीतरी वेळ मला शिव्या दिल्या.